स्ट्रोमॅटोलाईटच्या आकारावरून जुन्या समुद्राची खोली सांगता येते का?

थरथराट

स्ट्रोमॅटोलाईटवर काहीही वाचायला घेतलं की एक कोष्टक हटकून समोर येतं. सपाट, जरा सुरकुतलेले पापुद्रे म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्याची वरची कड. एकमेकांना चिकटलेले घुमट म्हणजे आडोशाची उथळ खाडी. सुटे उभे स्तंभ म्हणजे लाटांचा मारा खाणारा किनारा. टोकदार शंकू म्हणजे लाटा पोचत नाहीत असं खोल, शांत पाणी. चितोडगडजवळचं भोजुंदा, सोनभद्रातलं सलखन, उदयपूरजवळचं झामरकोटडा यांच्यावरच्या लोकप्रिय लेखांतही थोड्याफार फरकाने हेच कोष्टक लावलेलं दिसतं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: उथळ पाण्याच्या तळावर सूक्ष्मजीवांची चिकट चादर पसरते, तिच्यावर गाळ बसतो किंवा तिच्यातच चुना साकळतो, जीव उजेडासाठी पुन्हा वर सरकतात, आणि हे हजारो वेळा झालं की पापुद्र्यावर पापुद्रा चढून खडक तयार होतो. म्हणजे हा कुणा एका जिवाचा सांगाडा नव्हे, आख्ख्या वस्तीने रचलेला खडक आहे.

माझं मत: कोष्टक ढोबळ आहे, पण उघड्या माळावर हातात भिंगापलीकडे काही नसताना तेवढंच कामाला येतं. आकार बघा, खोली सांगा. जाणकारांनी घाव घालावेत.

रानगवा

सतरंजी टाकून बसलो आहे. चालू द्या.

चुनेवाला

घाव घालतोच. हे कोष्टक आलं कुठून ते आधी बघा. १९६४ मध्ये लोगन, रेझाक आणि गिन्सबर्ग यांनी वर्गीकरण मांडलं: जोडलेले घुमट, एकावर एक रचलेले सुटे घुमट, आणि सुटे गोळे. त्यामागचं मुख्य जिवंत उदाहरण होतं पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे इथला हॅमेलिन पूल. तिथे आडोशाच्या सपाट किनाऱ्यावर जोडलेले घुमट आणि लाटा खाणाऱ्या भूशिरांवर सुटे स्तंभ असं खरंच दिसतं. मग जगभरच्या प्राचीन खडकांना तोच साचा लावला गेला आणि काही काळ प्रत्येक स्ट्रोमॅटोलाईट भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला ठरू लागला.

पुढे दोन गोष्टी झाल्या. हॅमेलिनमध्येच ओहोटीच्या रेषेखाली, तीन-साडेतीन मीटर पाण्यातही ते वाढतात हे कळलं. आणि १९८० च्या दशकात बहामात एक्झुमा बेटांमधल्या खाड्यांत, सुमारे ८ मीटर खोलीवर, भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात दोन मीटरहून उंच स्तंभ सापडले. पाणी नेहमीच्या खारटपणाचं. म्हणजे तोच स्तंभ एके ठिकाणी ओहोटीला उघडा पडतो, दुसरीकडे कधीच पडत नाही.

हॅमेलिनचं पाणी नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे. खाडीच्या तोंडाशी समुद्री गवताने अडवलेल्या गाळाचा उंचवटा आहे, त्यामुळे पाण्याची ये-जा कमी आणि बाष्पीभवन जास्त. शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी तिथे फारशा टिकत नाहीत, म्हणून चादर टिकते. अशी एक अपवादात्मक खाडी घेऊन १६० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र वाचायचा म्हणजे धाडसच.

निळं_शेवाळ

+१. त्यात आणखी एक भर. हॅमेलिनचे आणि बहामाचे स्तंभ मुख्यतः वाळूचे आहेत: शिंपल्यांचा चुरा आणि ऊईड (चुन्याची पुटं चढलेले बारीक गोल कण) चिकट चादरीने पकडून ठेवलेले. भिंगाखाली कण सुटे दिसतात, पापुद्रे जाड आणि ओबडधोबड. प्रोटेरोझोइक काळातले (सुमारे २५० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीचे) बहुतेक स्ट्रोमॅटोलाईट मात्र अतिशय बारीक चुन्याचे, पापुद्रे अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आतले. तेव्हाच्या समुद्रात चुना इतका मुबलक विरघळलेला होता की तो चादरीच्या आत आणि वर थेट साकळत होता. रचनेची पद्धतच वेगळी, तर आकाराचा अर्थ तोच कसा राहील?

शंकूंबद्दलही बोलते. कोनोफायटन (शंकूच्या आकाराच्या स्ट्रोमॅटोलाईटचं नाव) म्हणजे खोल पाणी, हे समीकरण अर्धंच खरं आहे. शंकू तयार होतो तो तंतूसारखे जिवाणू एकमेकांत गुंतून वर सरकतात म्हणून. त्यासाठी लागतं ते संथ पाणी. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत काही सेंटिमीटरचे शंकू अगदी उथळ पाण्यात वाढतात. अंटार्क्टिकात उंटरसी सरोवरावर कायमचा बर्फ असतो, लाट उठतच नाही, तिथे तळावर अर्धा मीटर उंचीचे शंकू आहेत. शंकू तुम्हाला शांतता सांगतो. ती शांतता खोलीमुळे होती, आडोशामुळे की बर्फामुळे, हे दुसरीकडून शोधायचं.

थरथराट

@चुनेवाला, @निळं_शेवाळ, मुद्दे पटतात, पण मग उरतं काय? घुमट, स्तंभ, शंकू या फरकाला काहीच अर्थ नाही असं तर नाही ना?

खडूस_खडक

उरतं ते आकारापेक्षा कामाचं आहे. स्तंभ किती उंच आहे ते मोजू नका, वाढत असताना तो तळापासून किती वर डोकावत होता ते मोजा. या दोन उंचींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कसं मोजायचं: उभ्या छेदात एक ठळक, गडद पापुद्रा निवडा. स्तंभाच्या माथ्यावरून तो बोटाने धरून खाली खांद्यावर, मग बाजूच्या भिंतीवर आणि शेवटी दोन स्तंभांमधल्या भरावात जिथे पोचतो तिथपर्यंत जा. माथा आणि भरावातली ती जागा यांच्यातलं उभं अंतर म्हणजे त्या क्षणीचा उठाव. स्तंभ मीटरभर उंच असतो आणि हा उठाव दोन-तीन सेंटिमीटरच निघतो, असं पुष्कळदा होतं. म्हणजे स्तंभ आणि मधला गाळ बरोबरीने चढत होते, पाण्यात मीटरभर खांब कधीच उभा नव्हता. उलट, पापुद्रा भिंतीवरून अखंड खाली जात असेल आणि भरावाचे थर त्या भिंतीला नंतर येऊन टेकलेले दिसत असतील, तर खांब खरोखर उंच होता.

हा उठाव पाण्याची किमान खोली देतो. कमाल नाही. आणि तीही स्तंभ पाण्याखालीच वाढला असं धरलं तरच.

गोची कुठे होते: भिंतीजवळ दाबामुळे चुना विरघळून दातेरी काळी रेघ तयार होते आणि पापुद्रा तिथे तुटल्यासारखा दिसतो. ती रेघ म्हणजे स्तंभाची मूळ कड असं समजून लोक उठाव चुकीचा मोजतात. दातेरी रेघेत चिकणमाती आणि लोखंडाचा गाळ साचलेला असतो, मूळ कडेला तो नसतो. भिंगाने बघितलं की कळतं.

भिंगरी

आणि स्तंभांच्या मधल्या भरावाकडे कुणी बघतच नाही! फोटोत सगळे स्तंभ मिरवतात. खरी चुगली तो भराव करतो. चपट्या चिपा असतील तर वादळाने चादरीचे तुकडे उपटले. ऊईड असतील तर पाणी हलतं आणि उथळ. गाळाच्या तड्यांचे बहुकोन किंवा जिप्समच्या स्फटिकांचे ठसे असतील तर तळ उघडा पडत होता किंवा पाणी आटत होतं. नुसताच बारीक चिखल असेल तर शांतता. स्तंभ तोच, भराव चार प्रकारचा, अर्थ चार.

कोल्हापुरी_फरशी

एक बाळबोध प्रश्न. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल दगड असतात. ते हेच का? व्हॉट्सअॅपवर एकाने "करोडो वर्षांपूर्वीचे जिवाश्म" म्हणून फोटो पाठवलाय.

तिरपागडा

व्हॉट्सअॅपवर असेल तर जिवाश्मच. शंका कसली?

खडूस_खडक

@कोल्हापुरी_फरशी, तो बेसाल्ट. भेगांमधून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि बाहेरून आत पापुद्रे सुटत जातात. ओळख सोपी: त्याचे पापुद्रे गोळ्याला सगळीकडून वेढतात, खालूनसुद्धा. स्ट्रोमॅटोलाईट वरच्या दिशेने वाढतो, त्याला बूड असतं. शिवाय बेसाल्टवर आम्लाचा थेंब टाकला तर काही होत नाही, भेगेत कॅल्साईट असेल तर तेवढीच रेघ फसफसते. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांतले पट्टेदार अकीकही असेच फसवतात. ते पोकळीच्या भिंतीकडून आतल्या बाजूला वाढलेले असतात, आणि सुरीने ओरखडा उठत नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकला आहे, त्यामुळे जुना चुनखडक दिसायला कडेला जावं लागतं. तुम्हाला कोल्हापूरहून सोयीचं म्हणजे कलादगी खोरं, बागलकोट-लोकापूरकडचा डोलोमाईट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकासारखा खडक). तिथे स्तंभ आणि घुमट दोन्ही आहेत. त्याच खोऱ्याचा महाराष्ट्रात आलेला भाग मुख्यतः क्वार्टझाईटचा, म्हणजे वाळूपासून बनलेल्या कठीण खडकाचा, त्यात शोधून उपयोग नाही.

वऱ्हाडी_वारा

आणि आमचं चंद्रपूर? पैनगंगेचा चुनखडक तर जुनाच आहे.

चुनेवाला

जुना आहे, पण चांदा चुनखडकाचा बराच भाग खोल पाण्यातला मानतात. पातळ, सपाट, मैलोन्‌मैल सारखे थर, मध्ये उतारावरून घसरलेल्या चिपांचे पट्टे. तळापर्यंत उजेड पोचत नसेल तर उजेडावर जगणारी चादर वाढणार कशी? स्ट्रोमॅटोलाईट नसणं हाही पर्यावरणाचा पुरावाच असतो. नागपूरकडून पूर्वेला छत्तीसगडात गेलात तर रायपूर गटातला चांदी फॉर्मेशन नावाचा थर स्तंभांनी भरलेला आहे.

रसायनी

उशिरा आले. आकार, उठाव, भराव झालं. आता खडकाच्या रसायनाकडे या. समुद्र की सरोवर, हा प्रश्न आकारावरून जवळजवळ कधीच सुटत नाही, तो दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवरून (रेअर अर्थ्स) सुटू शकतो. यट्रियम आणि होल्मियम यांचं गुणोत्तर जमिनीवरच्या सामान्य खडकांत २७-२८ च्या आसपास असतं, समुद्राच्या पाण्यात ४४ च्या वर. समुद्रात होल्मियम गाळाच्या कणांना लवकर चिकटून बाहेर पडतं, यट्रियम मागे राहतं. चुना साकळताना पाण्याची ही सही तो जशीच्या तशी घेतो. ऑस्ट्रेलियातल्या २७२ कोटी वर्षांच्या टुम्बियाना स्ट्रोमॅटोलाईटवर समुद्र की सरोवर हा वाद होता. २००७ मध्ये याच पद्धतीने सरोवराच्या बाजूने पुरावा मांडला गेला. उलट ३४३ कोटी वर्षांच्या स्ट्रेली पूलमध्ये समुद्राची सही मिळाली.

सिरियमही बघतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर सिरियमचं ऑक्सिडीकरण होऊन ते मँगनीज-लोखंडाच्या ऑक्साईडवर अडकतं आणि चुन्यात शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा कमी दिसतं.

हे मोजताना नमुना नासतो तो असा: सगळा तुकडा दळून तीव्र आम्लात टाकला की चिकणमातीही विरघळते, आणि चिकणमातीत ही मूलद्रव्यं चुन्यापेक्षा कितीतरी जास्त. एक-दोन टक्के माती आख्खी सही पुसून टाकते, गुणोत्तर २७ कडे घसरतं आणि तुम्ही "सरोवर" म्हणून मोकळे होता. म्हणून ५ टक्क्यांच्या आसपासचं सौम्य अॅसेटिक आम्ल वापरून फक्त चुना विरघळवायचा, आणि त्याच द्रावणात झिर्कोनियम, थोरियम, स्कँडियम तपासायचे. ते वाढले की माती आली.

सोनतळं

@रसायनी, हे सगळं मूळ चुना शाबूत असेल तर. तुम्ही ज्या थरांबद्दल बोलताय त्यातला अर्धा माल डोलोमाईट झालेला आहे. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तापमान काढणारे पेपर वाचले की हसू येतं. एवढ्या जुन्या खडकात ते मूल्य पुढच्या गरम पाण्याने कधीच बदललेलं असतं.

रसायनी

ऑक्सिजनबद्दल सहमत. उणे १० प्रति हजारच्या खाली गेलेलं मूल्य दिसलं की ते समुद्राचं तापमान म्हणून वापरू नये. पण सगळं एका मापाने मोजू नका. कार्बनचे समस्थानिक जास्त टिकतात, कारण खडकात कार्बनचा साठा प्रचंड आणि शिरणाऱ्या पाण्यात तो नगण्य. दुर्मिळ मृदाही डोलोमाईट होताना बऱ्यापैकी टिकतात. मँगनीज आणि स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर बघा: बदलत्या चुन्यात मँगनीज शिरतं, स्ट्रॉन्शियम निघून जातं. १० च्या वर गेलं तर नमुना बाजूला ठेवा. स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक मोजायचे असतील तर २ च्या वरही नको.

नमुना काढताना अर्धा ते एक मिलिमीटरचं दंतवैद्याचं ड्रिल, कमी वेगाने, एकाच पापुद्र्यातून. पांढऱ्या शिरा टाळायच्या, त्या नंतरच्या असतात. कॅल्साईट कुठे आणि डोलोमाईट कुठे हे आधी रंगवून बघा. १.५ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये ०.२ ग्रॅम अॅलिझरिन रेड एस. वेगळ्या बाटलीत तेवढ्याच आम्लात २ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाईड. दोन्ही ३ ला २ प्रमाणात मिसळायचे, ऐन वेळीच, कारण मिश्रण टिकत नाही. घासलेला काप १०-१५ सेकंद नुसत्या सौम्य आम्लात, मग ३०-४५ सेकंद मिश्रणात. कॅल्साईट गुलाबी-लाल, लोहयुक्त कॅल्साईट जांभळट, डोलोमाईट बिनरंगी, लोहयुक्त डोलोमाईट निळसर-हिरवा. फेरिसायनाईड तीव्र किंवा गरम आम्लात कधीच घालायचं नाही, विषारी वायू सुटतो.

रानगवा

आमच्या घरी सतरंजीवर हा प्रयोग करायला बंदी आहे.

वऱ्हाडी_वारा

अवांतर: यांनीच पृथ्वीवर ऑक्सिजन आणला ना? शाळेच्या पुस्तकात तसंच आहे.

निळं_शेवाळ

पुस्तकाने घाई केली. चादर रचायला सायनोबॅक्टेरियाच (ऑक्सिजन सोडणारे निळे-हिरवे जिवाणू) लागतात असं नाही. उजेड वापरणारे पण ऑक्सिजन न सोडणारे जिवाणूही चादर करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिल्बारातल्या ड्रेसर थरातले स्ट्रोमॅटोलाईट सुमारे ३४८ कोटी वर्षांचे, आणि हवेतला ऑक्सिजन कायमचा वाढला तो साधारण २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी. मधल्या शंभर कोटींहून जास्त वर्षांत नुसता स्ट्रोमॅटोलाईट दिसला म्हणून ऑक्सिजन होता असं म्हणता येत नाही.

पण आपल्याकडचा एक पुरावा मजेदार आहे. झामरकोटड्याला स्तंभ फॉस्फेटचे आणि मधला भराव डोलोमाईटचा. १९६८ मध्ये तिथे रॉक फॉस्फेट सापडलं, म्हणजे ज्या स्तंभांवर आपण वाद घालतोय त्यांचं खत होतं. फॉस्फेट चादर कुजायच्या आत तिला गोठवतं, म्हणून बारीक तपशील टिकतो. २०१८ मध्ये अरवलीच्या आणि चित्रकूटच्या अशा फॉस्फेटी स्ट्रोमॅटोलाईटमध्ये ५० ते ५०० मायक्रोमीटरचे गोल बुडबुडे दाखवले गेले, तंतूंच्या जाळ्यात अडकलेले. आजच्या चादरीत दुपारच्या उन्हात ऑक्सिजनचे असेच बुडबुडे अडकतात.

सोनतळं

बुडबुडा गोल असला म्हणून तो ऑक्सिजनचा कसा? कुजताना मिथेन आणि कार्बन डायऑक्साईडही सुटतो.

निळं_शेवाळ

रास्त शंका. जागा बघायची. कुजण्याचा वायू चादरीच्या खालच्या, मेलेल्या भागात साचतो आणि पापुद्रे फाडून वर येतो. इथे बुडबुडे उभ्या तंतूंच्या वाढत्या थरात आहेत आणि तंतू त्यांना वळसा घालून गेले आहेत, म्हणजे बुडबुडा तंतू जिवंत असताना होता. शंभर टक्के नाही, पण वजन तिकडे आहे.

चुनेवाला

चित्रकूट निघालंच आहे तर: वय आकारावरून सांगण्याचा प्रयोगही याच खडकांत फसला. सोव्हिएत भूवैज्ञानिकांनी कुसिएला, कोनोफायटन वगैरे नावांवरून काळाचे पट्टे पाडले होते, आपल्याकडे विंध्य आणि हिमालयातल्या डोलोमाईटला तेच लावलं. मग १९९८ मध्ये रफत आझमींनी खालच्या विंध्यात कँब्रियन धर्तीचे शिंपले असल्याचं मांडलं. खरं असतं तर आख्खं विंध्य खोरं ५४ कोटींच्या आसपास आलं असतं. २००२ मध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या थरातल्या झिरकॉन या खनिजावरून वय निघालं सुमारे १६३ कोटी. २००९ मध्ये बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आझमींचे जिवाश्म खरेच आहेत, फक्त खडकाइतकेच जुने. २०१७ मध्ये त्यांतल्या एका लाल शैवालासारख्या जिवाश्माला रफतआझ्मिया चित्रकूटेन्सिस नाव दिलं. वाद घालणाऱ्याच्या नावाने जिवाश्म, याहून मोठा सन्मान नाही.

तिरपागडा

म्हणजे या धाग्यावर भांडत राहिलो तर माझ्याही नावाने काहीतरी निघेल. थरथराटिया तिरपागडेन्सिस.

सोनतळं

आकारावरून अतिअर्थ काढायचं एक उदाहरण माझ्याकडून. १९८५ मध्ये वान्यो आणि अवरामिक यांनी मध्य ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ८५ कोटी वर्षांच्या नागमोडी स्तंभावरून वर्षाचे ४३५ दिवस काढले. तर्क असा की स्तंभ सूर्याकडे झुकत वाढतो, म्हणून एक वळण म्हणजे एक वर्ष आणि एक पापुद्रा म्हणजे एक दिवस. २००७ मध्ये त्याच खोऱ्यातले स्तंभ पुन्हा मोजले तेव्हा सूर्याकडे झुकण्याचा पुरावाच मिळाला नाही. रोज एक पापुद्रा हे गृहीतकही कच्चं. वादळ आलं की एका दिवसात तीन, नाहीतर महिनाभर एकही नाही. आजचा हॅमेलिनचा स्तंभ वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही.

कोल्हापुरी_फरशी

लोणारला आहेत का हो? तिथेही खारट पाणी, तिथेही शेवाळ.

रसायनी

लोणारला चादरी आहेत, पाणी सोड्याचं, सामू १० च्या आसपास. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते मीठप्रेमी हॅलोआर्कियांमुळे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तसं दाखवलं. पण जुन्या हवामानाची खूण म्हणून तिथे स्ट्रोमॅटोलाईटपेक्षा गेलुसाईटचे स्फटिक कामाला आले. तो सोडियम-कॅल्शियमचा पाणीदार कार्बोनेट. तळाच्या गाळाच्या १० मीटर कोअरमध्ये (नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यात) तो ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाला, म्हणजे त्या काळांत सरोवर आटून खारं झालं होतं. खडक वेगळा, युक्तिवाद तोच: पाण्याने काय साकळवलं यावरून पाणी वाचायचं.

थरथराट

मूळ प्रश्नावर येतो. प्रयोगशाळा नाही, हातात भिंग, टेप, कंपास आणि आम्लाची बाटली. एका उघड्या कातळापुढे उभं राहिल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं? आणि तो जिवांनीच रचलाय, नुसता रासायनिक थर नाही, हे तिथे कसं ठरवायचं?

खडूस_खडक

दुसरा प्रश्न आधी. पापुद्र्याची जाडी माथ्यावर आणि बाजूला मोजा. सगळीकडे एकसारखी जाडी, गुळगुळीत, एकाच मापाची रेघ असेल तर चुना नुसता साकळला असण्याची शक्यता मोठी. माथ्यावर जाड, बाजूला बारीक, सुरकुतलेली आणि जाडी सतत बदलणारी असेल तर चादरीचा संशय घ्या. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ३५ अंशांहून जास्त उतारावर बसलेले वाळूचे कण. कोरडे सुटे कण तिथे टिकूच शकत नाहीत, घरंगळून खाली जातात. तिथे टिकले म्हणजे पृष्ठभाग चिकट होता.

तिसरी बाजू बघितल्याशिवाय शब्द काढू नका. २०१६ मध्ये ग्रीनलंडच्या इसुआमधल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकात शंकूंसारखे आकार म्हणून मोठा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी तोच खडक आडव्या बाजूने दाखवला: ते शंकू नव्हते, खडक दाबला गेल्याने उठलेल्या लांब वरंब्यांचे छेद होते, काहींची टोकं तर खाली वळलेली. एका उभ्या कापात शंकू आणि वरंबा एकसारखेच दिसतात.

आता क्रम. थर उलटा नाही ना ते आधी ठरवा. स्तंभ वरच्या बाजूला फुटतात आणि पापुद्रे वर फुगतात. अरवलीसारख्या घड्या पडलेल्या भागात हे आधी केलंच पाहिजे. थराचा कल आणि दिशा लिहा. मग आडवी पृष्ठं शोधून स्तंभांचे आडवे छेद बघा. लांबट असतील तर किमान तीसेक स्तंभांच्या लांब अक्षाची दिशा कंपासने घ्या. हॅमेलिनमध्ये लांब अक्ष लाटा येण्याच्या दिशेत, म्हणजे किनाऱ्याला काटकोनात असतात. पण खडक दाबला गेला असेल तर सगळंच एका दिशेला लांबतं, म्हणून भरावातले ऊईड गोल आहेत की लंबगोल ते बघायचं. ऊईडही त्याच दिशेला चेपलेले असतील तर लाटांबद्दल बोलू नका. मग उठाव, मग भराव, आणि तळाकडून वर प्रत्येक थरात काय बदलतं ते. हायड्रोक्लोरिक आम्ल १० टक्के: कॅल्साईट लगेच फसफसतो, डोलोमाईट सुरीने खरवडून पूड केल्यावर मंदपणे.

भिंगरी

त्यात एकच घालते. एकटा घुमट काही सांगत नाही, क्रम सांगतो. खाली शंकू, वर स्तंभ, त्यावर सपाट सुरकुतलेले पापुद्रे आणि शेवटी चिखलाचे तडे असं चढत गेलं तर पाणी उथळ होत गेलं असं ठामपणे लिहिता येतं. @थरथराट, तुमचं कोष्टक या क्रमात बसवलं तर चालतं. सुट्या आकाराला लावलं तर नाही.

थरथराट

मग भोजुंद्याचं वर्णन याच क्रमाने पुन्हा लिहायला घेतो: आधी उठाव, मग भराव, मग तळापासून वरपर्यंतचा क्रम. तिथून नमुना काढता येईल का?

चुनेवाला

हातोडा बाहेर ठेवा. भोजुंदा, झामरकोटडा ही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं आहेत. फोटो घ्या, प्रत्येकात मोजपट्टी आणि वरची दिशा दाखवणारा बाण ठेवून. ७०-८० टक्के एकमेकांवर येतील असे फोटो काढले तर नंतर संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करून उठाव तिथेच मोजता येतो. ऊन तिरपं असताना काढा, भर दुपारी पापुद्रे दिसत नाहीत.

नमुना हवाच असेल तर स्मारकाबाहेर जिथे परवानगी मिळते तिथला, आधीच सुटलेला तुकडा घ्या. पातळ कापाऐवजी फिल्मवर ठसा घेतला तरी पापुद्रे मोजायला पुरतो: ६०० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायची कठीण पूड) घासायचं, ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात १० सेकंद, पाण्याने हलकेच धुवून न पुसता वाळवायचं, अॅसिटोन ओतून अॅसिटेटची फिल्म एका कडेकडून टेकवत न्यायची, अर्ध्या तासाने सोलायची. अॅसिटोन जास्त झालं तर फिल्मच विरघळून सुरकुतते, कमी पडलं तर बुडबुडे राहतात. डोलोमाईटला १० सेकंद पुरत नाहीत, आम्ल कोमट करून एखादं मिनिट ठेवावं लागतं.

भिंगरी

आणि घासलेल्या पृष्ठावर बोट लावू नका. तेलकट ठसा उठला की आम्ल तिथे लागत नाही, आणि फिल्मवर एक सुंदर घुमट उमटतो, तुमच्या अंगठ्याचा.

तिरपागडा

तोही जिवानेच रचलेला, पापुद्रेही आहेत.